अनुमोदक : निवृत्ती खैरनार

निवृत्ती खैरनारांचं उभ्या आयुष्यात चारचौघांत कुणी कधी कौतुक केलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, हे काय दुःख झालं? अहो, ज्याला उठता-बसता हार पडतात त्याला नाही कळायचं ते.

ओझरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला. माणूस देवळ्याकडचा. बोलता बोलता तोंडातून ‘आहे’ऐवजी गावाकडचा ‘शे’ निसटायचा आणि डब्याच्या सुट्टीत सगळे चिडवायचे, “काय शे, खैरनार?” निवृत्ती हसायचे आणि घरी येऊन बायकोवर, आशावर, डाफरायचे. रिटायर झाले त्याच दिवशी एक साहेबही रिटायर झाला. भाषणं साहेबाची, हार साहेबाला. शेवटी कुणीतरी म्हणालं, “खैरनार, खुर्च्या तेवढ्या आत घ्या.” यांनी घेतल्या.

पुढे आशा गेली. इंदिरानगरातल्या सप्तगिरी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये निवृत्ती एकटेच टीव्हीशी भांडत बसायचे. मग लेक अंजली नवऱ्याशी कायमचं बिनसल्यावर छोट्या मुक्ताला घेऊन परत आली. शेजाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. निवृत्तींनीही चेहरा पाडला, पण खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता. घरात पुन्हा फोडणीचा वास आला, नात सोफ्यावर उड्या मारायला लागली. म्हातारा माणसात आला.

अंजली स्वतःच्या पायावर उभी होती. विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन ती घरूनच घ्यायची, मागच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. सोसायटीत इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून. ती तार कुजली होती. फोनवर एखादी बाई रडत रडत नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या बिलाचं विचारतेय आणि मधेच लाइन तुटतेय, असं रोज व्हायला लागलं. मोबाईलचं नेट ऑफिसला चालत नव्हतं. शेवटी ऑफिसनं सांगितलं, घरी फायबर घ्या, नाहीतर पुण्याला येऊन बसा.

बाकीचेही वैतागले होतेच. त्यामुळे सोसायटीनं ठरवलं की एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू आणि सगळ्या बिल्डिंगला एकच कनेक्शन घेऊ. पर्याय दोन आले. एक, फायबर : काचेची केबल जमिनीखालून थेट प्रत्येक घरात. दुसरा, गच्चीवर अँटेना : लांबच्या टॉवरवरून हवेतून नेट पकडायचं आणि खाली सगळ्यांत वाटायचं. मालिका बघायला ठीक. पण संध्याकाळी सगळे एकदम बसले की ते रांगणार, वारा-पाऊस आला की बसणार. अंजलीला ते कामाचं नव्हतं.

फायबरला अडचण एकच. गेटपासून बिल्डिंगपर्यंत चर खणावा लागणार होता, आणि आवारात नुकतेच नवेकोरे पेव्हर ब्लॉक बसवले होते. चेअरमन खंडेराव अण्णांनी त्यांचं फीत कापून उद्घाटन केलं होतं. त्या ब्लॉकवर कुणी जरा जोरात सायकल चालवली तरी अण्णांच्या कपाळाला आठी पडायची.

अंजली म्हणाली, “बाबा, मीटिंगमध्ये मी बोलते. माझ्या नोकरीचं आहे, मीच सांगायला हवं.”

“तू नको,” निवृत्ती म्हणाले. “परत आलेल्या लेकीनं तोंड उघडलं की लोक घरचं उकरायला लागतात. मी बोलतो. बाप जिवंत आहे अजून तुझा.”

ती हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती. “नक्की बोलाल ना?”

“अगं, ते ब्लॉक माझ्या नजरेखाली बसलेत. नुसत्या वाळूवर ठेवलेत ते. उचलायचे, केबल टाकायची, परत ठेवायचे. त्यात काय एवढं?”

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. अंजली मागच्या रांगेत बसली, मुक्ता तिच्या मांडीवर. निवृत्ती इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले होते. काय बोलायचं ते त्यांनी आंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं होतं.

खंडेराव अण्णा म्हणजे पक्का मुरलेला माणूस. कुणाच्या पोटात काय आहे हे त्यांना आधीच कळायचं. विषयाला हात घालण्याआधी त्यांनी माइक घेतला. “मंडळी, ब्लॉकचं काम चालू होतं तेव्हा आपण सगळे पंख्याखाली होतो. भर उन्हात कोण उभं होतं? खैरनारकाका! स्वतःच्या घरचं काम असल्यासारखं! असा माणूस आपल्याला लाभला, हे आपलं भाग्य. काका, या. आज तुमचा सत्कार.”

शाल आली, नारळ आला. टाळ्या झाल्या. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, नीट आला नाही म्हणून परत काढला. निवृत्तींनी खांद्यावरची शाल दोनदा सारखी केली. त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं. आणि अण्णांनी तसंच, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, पुढचं सुरू केलं.

“आता नेटचा विषय. फायबर घ्यायचं तर काकांनी जिवापाड जपलेले ब्लॉक उखडावे लागतील. अँटेनाला एक फावडं लागत नाही. काकांच्या मेहनतीवर फावडं चालवायचं, हे माझ्या मनाला तरी पटत नाही. अँटेनाचा ठराव मी मांडतो. अनुमोदक कोण? अहो, काकांशिवाय दुसरं कोण असणार!”

आणि माइक निवृत्तींच्या तोंडासमोर धरला.

हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं त्यांना, हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. त्यांनाही कळलं. वाळूचं सांगायचं होतं, लेकीचं सांगायचं होतं, आंघोळीच्या वेळचं सगळं तोंडात तयार होतं. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. अंजली खुर्चीत पुढे सरकून बसली होती. लोक अजून हसऱ्या चेहऱ्यानं त्यांच्याकडेच बघत होते. ते हसणं आता आपल्यामुळे जाणार, या भीतीनं त्या माणसानं ते सगळं गिळून टाकलं.

“माझं अनुमोदन आहे,” निवृत्ती म्हणाले.

काय म्हणावं या माणसाला! एका शालीपायी पोटच्या पोरीला विकलं. पुन्हा टाळ्या झाल्या आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. अंजली उठली, मुक्ताला कडेवर घेतलं आणि जिना चढून गेली.

घरी तिनं मीटिंगचा विषयच काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढलं, पोळी वाढली, वरण हवं का विचारलं. निवृत्तीच म्हणाले, “अण्णांनी असं अडकवलं गं मला. पुढच्या मीटिंगला बघ, कसा बोलतो ते!”

“बरं,” ती म्हणाली.

मग त्यांनी सुचवलं की इथे जवळच पाथर्डी फाट्याला एखादी खोली भाड्यानं घेऊ, तिथे फायबर आहे, तू दिवसा तिकडे काम कर आणि संध्याकाळी घरी ये. “बघते,” म्हणाली. आणि पुण्याला जाऊन घर बघून आली. मुक्ताची शाळा ठरवून आली. मेच्या शेवटी टेम्पो आला, सामान गेलं. निवृत्ती गेटपर्यंत गेले. नातीनं ‘आजोबा, तुम्ही का नाही येत?’ विचारलं तेव्हा ते चष्म्याची काच पुसत राहिले.

पावसाळ्यात अँटेनाचा निकाल लागायचा तो लागला. त्यात अण्णांचा मुलगा बंगळुरूहून आला, घरूनच काम करणार म्हणाला, आणि त्याचा फोन दिवसातून चारदा तुटायला लागला. झालं! अण्णांना एकदम नव्या पिढीच्या गरजा दिसायला लागल्या. मीटिंगबिटिंग काही नाही. एके सकाळी माणसं आली, ब्लॉक उचलले, केबल टाकली, ब्लॉक जागेवर बसवले. दुपारच्या जेवणाआधी आवार होतं तसं झालं. अण्णा वर आले आणि म्हणाले, “काका, फायबरच्या ठरावावर अनुमोदक म्हणून तुमचंच नाव टाकलंय हं.”

निवृत्ती संतापले. आतून नुसते पेटले. आणि म्हणाले काय, तर “चालेल.”

पण त्याच दिवशी त्यांनी घरात फायबर घेतलं. मागच्या खोलीत, अंजलीच्या टेबलाजवळच नेटची डबी बसवून घेतली. टेबल पुसलं. आणि पुण्याला फोन लावला.

“अंजू, अगं फायबर आलं! तुझ्याच खोलीत घेतलंय. आता तू परत येऊ शकतेस. मुक्ताची शाळा इथे बघू. मी आणीन-नेईन तिला.”



“बाबा,” ती म्हणाली, “फायबर तर पाथर्डी फाट्यालाही होतं.”

“मग?”

“मी फायबरसाठी गेले नाही, बाबा.”