छताच्या वरचा मिलिंद

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा आमची मीटिंग चालू होती आणि नेहमीसारखी जुंपलेली होती. भिंतीवरच्या पडद्यावर नव्या इस्पितळाचं मॉडेल, आणि एसीचा डक्ट जिथं पाण्याच्या पाइपात घुसत होता तिथं लाल. मिलिंदच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचायच्या आतच... समोर दोन ठेकेदार एकमेकांवर ओरडतच होते.

आता लोक म्हणतात, किती सुंदर काम करायचा. कसलं डोंबलाचं सुंदर! इमारत उभी राहायच्या आधी ती संगणकावर पुरी बांधायची, पाइप, वायरी, तुळया कुठं एकमेकांना आडव्या येतात ते हुडकायचं, आणि मग जो तो म्हणणार, माझं नाही, त्याचं सरकवा. वर्षानुवर्षं तेच. जीव विटतो. मिलिंद मात्र विटला नाही. वडील नोकरीसाठी नांदेडहून सिकंदराबादला आले, हा इथंच वाढला. ठेकेदारांना तेलुगूत समजावायचा, एसीवाल्या खालिदभाईंना दखनीत, आणि माझ्यावर वैतागायचं असलं की मराठीत.

त्याची एक खोड होती. प्रत्येक मॉडेलमध्ये छताच्या वर, खोटं छत आणि स्लॅब यांच्या मधल्या पोकळीत, जिथं पाण्याचा व्हॉल्व्ह असेल तिथं, तो एका माणसाची आकृती आडवी घालून ठेवायचा. उद्या दुरुस्तीला कोणी वर चढला तर त्याचे खांदे मावले पाहिजेत, हात फिरला पाहिजे. एका जुन्या इस्पितळात गळती काढायला सगळं छत फोडलेलं आणि खालच्या आजाऱ्यांना खाटांसकट व्हरांड्यात आणलेलं त्यानं पाहिलं होतं. ते त्याच्या डोक्यातून जाईना. आणि माप कोणाचं? स्वतःचं, ढेरीसकट! "अरे, एवढा जाडा प्लंबर असतो का कुठं?" मी चिडवायचो. "मी मावलो की सगळे मावतील," म्हणायचा. खालिदभाई कपाळावर हात मारायचे, "मिलिंद मियाँ, तुमारे पेट के वास्ते मेरा डक्ट कित्ते बार सरकाऊँ?" मिलिंद हसायचा, पण माणूस काढायचा नाही.

तो गेल्यावर काम माझ्या गळ्यात आलं. परवा मीटिंगमध्ये मॉडेल उघडलं, तर बाळंतिणींच्या वॉर्डावर पुन्हा लाल. या वेळी डक्ट त्याच्या माणसालाच धडकत होता. आर्किटेक्टबाई म्हणाल्या, "ती आकृती डिलीट करा ना. तिथं खरं तर काहीच नाहीये." ड्रॉइंग त्याच दिवशी साइटवर जायचं होतं. मी फार दमलो होतो. एक बटण दाबलं असतं तर लाल गेलं असतं आणि सगळे जेवायला उठले असते. मी त्या आकृतीवर क्लिक केलं... तेच रुंद खांदे, तेच पुढं आलेलं पोट. बोट काही दाबेना. भर मीटिंगमध्ये रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

खालिदभाईंनी पडद्याकडे बघितलं. मग त्यांनी आपला लॅपटॉप पुढं ओढला.

"रैने दो उनकू," ते म्हणाले. "डक्ट मैं सरकातूँ."