उत्तमसाठी मागायचं नाय

उत्तमच्या थोरल्या लेकीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी देवाची भांडी घासत होतो. "काका, अण्णा गेले," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुम्ही त्यांना शब्द दिलाय, लक्षात आहे ना?" होता. उत्तमनं मुकुंदवाडीच्या आपल्या दुकानात, पाण्याच्या जळक्या मोटारीला नवी तार गुंडाळता गुंडाळता तो घेतला होता. मेल्यावर माझ्या तोंडात तुळस घालायची नाय, माझ्यासाठी देवाकडं काही मागायचं नाय. मी व्हय म्हणलो. तवा काय, दोघंबी धडधाकट होतो...

चाळीस वर्षं भांडलो आम्ही. मी गवंडी, चौथी शिकलेला. तो लई वाचणारा. मी म्हणायचो, भिंत दिसली की गवंडी असणारच. तो हातातली तार न सोडता विचारायचा, "मग गवंड्याला कुणी बांधलं?" ह्या एका सवालानं मला कैक वर्षं गप केलं. एकदा चिडून म्हणलो, "ते ठाव नाय. पण ठाव नाय म्हणून भिंत आपोआप उभी राहिली म्हणू का?" तो हसला. "आज डोकं वापरलंस गवंडी. चुकलासच, पण वापरलंस." आन चहा सांगितला.

माझी सुभद्रा गेली त्याला तीन वर्षं झाली. एक सोमवार सोडला नव्हता तिनं, तरी सात महिने आजारानं तिला सोलून काढलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरातले देव पिशवीत भरले आन उत्तमच्या दुकानात नेऊन आदळले. "तू बरोबर. देव नाय. टाक भंगारात." वाटलं, खूश होईल. त्यानं पिशवी उघडलीसुद्धा नाय.

"असं जिंकायचं नव्हतं मला," तो म्हणला. "रडताना बोललेलं मी धरत नाय. घरी ने."

"मग सांग, तिला का नेलं?"

त्यानं हातातली तार खाली ठेवली. त्याची धाकटी लेक सहाव्या वर्षी तापानं गेली होती, त्यावर तो कधी बोलायचा नाय. त्या दिवशी बोलला. "तुला राग काढायला कुणीतरी आहे. माझी धाकटी गेली तवा मला तेबी नव्हतं."

मी देव परत आणले. लोक म्हणतात, दुःख बघून देव नाय हे कळतं. मला उलटं कळलं. एवढा राग कुणावर येतो, समोर कुणी नसताना? उत्तम म्हणला असता, हा पुरावा नाय, ही तुझी गरज. असंल. भर उन्हात विटा वाहणारा सावली शोधतो तीबी गरजच. म्हणून झाड खोटं होतं का?

त्यानं देह मेडिकल कॉलेजला लिहून दिला होता. तिथं वैशालीनं तोंडावरचं कापड बाजूला केलं. माझ्या खिशात तुळशीचं पान होतं, घरून निघताना सवयीनं खुडलेलं. हात खिशातच ठेवला. कुणीतरी वैशालीची सही घेतली, स्ट्रेचर आत गेलं. शब्द पाळला. पण दोन महिने झाले, एका जागी बसवत नाय. मित्राचं ऐकलं, का मित्राला रिकाम्या तोंडानं धाडलं? विचारायचं तर कुणाला... भांडणारा तोच एक होता.

रोज सकाळी दिवा लावून मी गेलेल्यांची नावं घेतो. आईचं, सुभद्राचं. उत्तमपाशी जीभ अडते. त्याच्यासाठी काही मागत नाय. पण सुभद्राला का नेलं हे देवाला विचारून झालं की त्याच्या धाकटीचंबी विचारतो, मोठ्यानं, तो दुकानात मला सवाल टाकायचा तसं. उत्तर येत नाय. जरा वेळ वाट बघतो आन उठतो. उद्या परत विचारायचं असतं.