कुत्र्याच्या कमरेला जवसाचे तेल

आमच्या कुत्र्याचा पाय मी अधू केला, आणि तो दोष एका निरपराध मुलीच्या माथी बसत असताना मी तीन महिने गप्प राहिलो.

कुत्रा बारा वर्षांचा झाला, तेव्हा हुडकेश्वरच्या आमच्या घराच्या तीन पायऱ्या त्याला चढवेनात. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर मालिश सुचवली. प्राण्यांची फिजिओथेरपी शिकलेली एक मुलगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. फरशीवर बसून अर्धा तास ती त्याच्या मांड्यांवरून नुसता तळवा फिरवी. मधल्या दिवसांत वीस मिनिटे ते काम माझ्याकडे असे.

"काका, हात हलका. चॉकलेटची चांदी सरळ करता ना, तेवढाच जोर."

"पण तो तर झोपून राहिला."

"झोपलाच पाहिजे. पहिलवान थोडीच बनवायचा आहे त्याले."

कार्यालयाच्या घाईत ती वीस मिनिटे मला असह्य होत. माझे बालपण काटोलचे. तिथे मालिश म्हणजे घाम काढणारे काम. तान्ह्या बाळाला चोळणारी बाई ते रडेपर्यंत हात थांबवत नसे, आणि घरची माणसे समाधानाने म्हणत, रडले, आता अंग मोकळे झाले. या कुरवाळण्याला उपचार म्हणायचे, हे माझ्या मनाला पटत नव्हते.

एका सकाळी पत्नी फिरायला गेल्यावर मी जवसाचे तेल कोमट केले आणि कुत्र्याची कंबर अंगठ्यांनी रगडली. तो कण्हला. अंग मोकळे होत आहे, असे समजून मी जोर वाढवला. त्याने माझे मनगट दातांत धरले. चावला नाही, नुसते धरून ठेवले. मी त्याच्यावरच खेकसलो. मग ओल्या फडक्याने तेल पुसून टाकले. असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी त्याचा मागचा उजवा पाय जमिनीला टेकेना.

"स्नायू दुखावला आहे. कोणी जोरात दाबलं का?" डॉक्टरांनी विचारले.

"ती पोरगीच येते. हे तं नुसता हात फिरवते," पत्नी म्हणाली. मी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा नीट करत बसलो.

पत्नीने मुलीला तिथूनच फोन लावला. "चालता कुत्रा तुह्या हाती देला, अन् तू लंगडा केला. येऊ नको आता."

पलीकडून एवढेच ऐकू आले, "काकू, मले एकदा पाहू तं द्या." पत्नीने फोन ठेवला.

पुढचे तीन महिने त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून आम्ही त्याला अंगणात नेत होतो. प्रत्येक पायरीवर पत्नी त्या मुलीचा उद्धार करी. मी तिच्या जिभेवर वैतागे, कुत्र्याच्या वजनावर वैतागे, टॉवेलवरसुद्धा वैतागे. स्वतःवर वैतागायची पाळी येऊ नये म्हणून एवढा खटाटोप.

मग शेजारणीने कुंपणावरून मुलीचा नंबर मागितला. तिचाही कुत्रा म्हातारा झाला होता.

"नंबर काहून मागता वं? आमच्याले लुळा केला तिनं," पत्नी म्हणाली.

"हो का बाई? म्हणूनच मागच्या गल्लीतल्या तीन घरांनी तिले बंद केलं वाटते."

आत येताना पत्नीच्या चेहऱ्यावर समाधान होते. मी खिडकीशी जेवत होतो, सगळे ऐकू आले होते. ताट तसेच सोडून मी उठलो आणि मुलीला फोन केला.

रविवारी ती आली. हेल्मेट हातात धरून फाटकाबाहेरच थांबली.

"हिले कोणी बोलावलं?" पत्नीने विचारले.

"मी."

"काहून?"

उत्तर द्यायला मी पत्नीकडेच वळलो होतो. ते त्यातल्या त्यात सोपे होते. मग फाटक उघडून मुलीसमोर उभा राहिलो.

"बेटा, तू काही केलं नाही. तेल लावून मी रगडलं त्याला, चार दिवस. तो कण्हला, तरी थांबलो नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होतो, आणि गप्प बसलो. ज्या घरांनी तुला बंद केलं, तिथं मी स्वतः जाऊन हे सांगतो. मला माफ कर."