मी तिला पुन्हा झोपवलं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बाबांसमोर नाही, जिच्यापासून काहीच लपवत नाही त्या बहिणीसमोरही नाही. एकदोनदा जिभेवर आली होती, पण मी थंडीचं नाहीतर ट्रॅफिकचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी लखनऊची. म्हणजे बाबा भंडाऱ्याचे, रेल्वेत इंजिनिअर, बदलीवर आले आणि मानक नगरच्या कॉलनीत राहिले ते राहिलेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आणि घरभर पत्रकं. चौदा एप्रिलला बाबा दरवर्षी एक पत्रक काढतात — एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला हिंदी. शाळेत असताना मी त्यांच्या घड्या घालायचे. पुढे प्रूफं वाचू लागले, आणि कॉलेजात गेल्यावर स्वतः लिहायला लागले. अन्याय दिसला की लिहायचं, गुळमुळीत लिहायचं नाही, हे मला वरणभाताबरोबर मिळालं. डॉक्टर झाले, लहान मुलांच्या आयसीयूत लागले, तेव्हाही पहिलं काय केलं तर पत्रक लिहिलं. गरीब बाईचं मूल आत मशीनवर, आणि तिला मात्र काचेच्या दाराबाहेर उभं ठेवता — कुठल्या नियमाने? खूप लोकांनी वाचलं. पाठ थोपटली. दार होतं तसंच बंद राहिलं.

मुद्द्यावर यायला मी वेळ लावतेय ना? कळतंय मला.

प्रज्ञा. माझ्याच कॉलनीतली. शाळा एक, मेडिकल कॉलेज एक, शेवटी आयसीयूही एकच. तिने आयुष्यात एक पत्रक लिहिलं नाही. मोर्चाला आली तर सगळ्यांसाठी पराठे बांधून घेऊन यायची. मी तिला टोचायचे, "यार प्रज्ञा, तू पेटणार कधी?" ती हसायची. "तू पेटलीस ना, तेवढ्या उजेडात माझं भागतं."

आमच्याकडे व्हेंटिलेटरवरच्या मुलांना गाढ झोपवून ठेवायची पद्धत होती. घशात नळी असते. मूल जागं झालं तर ओढून काढेल, ही भीती. शिवाय झोपलेलं मूल सोयीचं असतं, हे कुणी बोलत नाही. पण जितकी झोप गाढ, तितका मुलाचा स्वतःचा श्वास दुबळा, आणि तितकं ते मशीनवर जास्त अडकून राहतं. प्रज्ञा म्हणायची, रोज सकाळी औषध उतरवू या. मुलाला वर येऊ द्या. मग मशीनचा आधार कमी करून बघू, स्वतः श्वास घेतं का. जगात इतर ठिकाणी हे करतात. तिने काही शोध लावला नव्हता. पण आमच्या वॉर्डात ती त्याच्यामागे लागली, एकेका सिस्टरला समजावत, एकेका सरांचं ऐकून घेत. आणि मुलं खरंच लवकर सुटायला लागली.

आणि मूल जागं होताना घाबरू नये म्हणून तिने खाटेशेजारी कुणाला बसवलं? आईला.

जे दार मी लिहून लिहून हलवू शकले नाही, ते तिने आवाज न चढवता उघडून घेतलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? माझाच मुद्दा होता तो. मला काय झालं ते सांगते — मी जळले.

त्या वर्षी बाबांनी चौदा एप्रिलचं पत्रक प्रज्ञावर लिहिलं. नाश्त्याच्या वेळी मला वाचून दाखवलं. आपल्या कॉलनीची लेक, मुलांना मशीनवरून सोडवते, वगैरे. मी म्हटलं, छान झालंय. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "तू लिहितेस, ती करते. दोन्ही पायजे, बाई." त्यांच्या मनात काही नव्हतं. मी पोह्यांची बशी अर्धी टाकून उठले.

आमच्या चळवळीत प्रत्येक दुखण्याला शब्द आहे. माझ्या या दुखण्याला मी शब्द काढला — व्यक्तिपूजा. एका माणसाचं कौतुक करणं म्हणजे व्यक्तिपूजा, म्हणून माझा विरोध. त्यावर अर्धा लेखही लिहिला. इतकी मी स्वतःला फसवण्यात हुशार.

आता गुड्डी. लखनऊजवळच्या मलिहाबादकडची, पाच-सहा वर्षांची, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. बरीच सावरली होती. प्रज्ञाने तिचं झोपेचं औषध हळूहळू उतरवत आणलं होतं, आणि त्या सकाळी तिला मशीनविना श्वास घ्यायला लावून बघायचं होतं. त्याच सकाळी विभागप्रमुखांनी प्रज्ञाला खोलीत बोलावलं. ही पद्धत सगळ्या वॉर्डाला लावायची की बंद करायची, ते आज ठरणार होतं. तिच्याशी बोलून झालं की ते राउंडला येणार होते आणि गुड्डीला स्वतः बघणार होते.

प्रज्ञा जाताना मला म्हणाली, "हलली तर घाबरू नकोस हं. आधी बोलून बघ, कळतंय का. कळत असेल तर आईला आत घे. औषध नको."

"हाँ हाँ, जा तू."

ती गेली, आणि थोड्या वेळाने गुड्डी जागी झाली. पाय झाडले, हात नळीकडे गेला, मशीन वाजायला लागलं. सिस्टर औषधाची सिरिंज घेऊन आल्या. "मैडम, दे दूँ?"

मी त्यांना थांबवलं. वाकून गुड्डीच्या कानाशी म्हटलं, "बिटिया, मेरी उँगली दबाओ।"

तिने दाबली.

"अब छोड़ दो।"

सोडली. हातही खाली आला. डोळे उघडे होते, आणि ती दाराकडे बघत होती. काचेपलीकडे तिची आई उभी होती, तोंडावर पदर धरून.

मी सरळ उभी राहिले. आणि म्हटलं, "दे दीजिए। पूरा।"

मग पडदा ओढला.

मी थकलेली नव्हते, गोंधळलेलीही नव्हते. बेचैन मूल आणि जागं झालेलं मूल यातला फरक त्या घडीला माझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता, कारण तो फरक माझ्या बोटाला कळला होता. औषध नेहमीचं, निर्णय कुठल्याही डॉक्टरला पटेल असा. म्हणूनच तर मी तो घेतला. सर प्रज्ञाला घेऊन राउंडला आले तेव्हा मुलगी गाढ झोपलेली. मी म्हटलं, "सर, बहुत परेशान थी। नली खींच लेती।" सरांनी प्रज्ञाकडे बघितलं. "देख लिया? ये किताबी बातें हमारे वॉर्ड में नहीं चलतीं।" झालं. पद्धत बंद. मुलांच्या आयांना पुन्हा दाराबाहेर काढलं. बाहेर काढताना मीही हजर होते — पत्रकवाली मी.

गुड्डी मशीनवर अडकली. छातीत नवा संसर्ग झाला, पुन्हा ताप, पुन्हा गाढ झोप. शेवटी सुटली आणि घरी गेली. आवाज घोगरा झाला होता. ती वाचली, म्हणून मीही सुटले असं मी बरेच दिवस धरून चालले. पण पुढे नवे सर येऊन पद्धत पुन्हा सुरू करेपर्यंत त्या वॉर्डात जी मुलं गरजेपेक्षा जास्त काळ झोपून राहिली, त्यांचं काय? त्यांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत. त्यांच्याशी तर माझं काही भांडणही नव्हतं.

प्रज्ञा आजही याच शहरात आहे. हे छापून आलं की तिच्यापर्यंत पोचेल. तिने काय करावं, हे मी सुचवणार नाही.

त्या दुपारी कँटीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. चहा तसाच पडला होता. म्हणाली, "मीच घाई केली यार. औषध जास्तच उतरवलं. तू होतीस म्हणून नळी तरी राहिली." मी म्हटलं, "अगं, त्यात काय."

मग तिने विचारलं. संशयाने नाही; पुढच्या मुलाच्या वेळी चूक होऊ नये म्हणून.

"बोलून पाहिलंस ना तिच्याशी? काही कळत होतं तिला?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

तिला सगळं कळत होतं.