बोहनीचा चावलेला रुपया

टांकसाळीत चुकलेली नाणी जमवायचा मला नाद आहे. कुठे सिंह एका बाजूला सरकलेले, कुठे आकडा दोनदा उमटलेला. नवरा त्याला भंगार म्हणतो. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये त्याच्या तीन बंद घड्याळांना जागा आहे, माझ्या डब्याला मात्र नाही, असो.

नारळी पौर्णिमेच्या करंज्या करायला मी माहुलला आईकडे गेले होते. आई अजून बाजारात मासळी घेऊन बसते. सकाळी तिने ट्रंकेतून रुमालाची एक गाठ काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तुला खोटी नानी चालतान ना गं? यो पन घे."

आत जुना, मोठा एक रुपया होता. एका कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा नव्हताच, कुणी दातांनी तोडल्यासारखा. या रुपयाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते, पाहिला मात्र तेव्हाच.

लग्नानंतर आई पहिल्यांदा बाजारात बसली, तेव्हाची ही बोहनी, म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे. आमच्याकडे बोहनी परत करत नाहीत आणि निरखूनही बघत नाहीत, डोळे मिटून कपाळाला लावतात. आईनेही तेच केलं. घरी आल्यावर आजीने, म्हणजे तिच्या सासूने, रुपया पाहिला आणि कापलेलं नाणं घेतलं म्हणून भर अंगणात तिचा उद्धार केला. तेव्हापासून पैशांची पिशवी आजीकडे गेली ती आजी जाईपर्यंत. आत्या तर अजूनही टोमणा मारायची संधी सोडत नाही. आणि आई तेव्हापासून बोहनीचं नाणं दोन्ही बाजूंनी उलटून बघते, मगच कपाळाला लावते. गिऱ्हाइकं हसतात.

मी भिंग काढलं. खरं सांगायचं तर मलाही तो कापलेलाच वाटत होता. कानशीने घासून 'दुर्मिळ चूक' म्हणून गळ्यात मारणारे महाभाग मला भेटलेत. वजन करून उपयोग नव्हता, तुकडा कसाही गेला तरी वजन कमीच भरणार. तुटक्या भागाजवळची अक्षरं बघितली. कापलं असतं तर ती मध्येच तुटली असती. ही पुसट होत, ओढल्यासारखी कडेकडे गेली होती. मग नाणं फिरवून बरोब्बर समोरची कड बघितली. सगळीकडे उठून दिसणारी कड तेवढ्याच भागात सपाट होती.

"आये, रुपया खरा आहे!" मी ओरडलेच.

आईला काही कळेना. तेवढ्यात आत्या पोळपाट घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, "काय वयनी, खोटा रुपया लेकीच्या गल्यात मारतेस?"

माझं डोकंच फिरलं. मी करंजीच्या पिठाची मोठी पोळी लाटली, वाटी घेतली आणि आत्याला समोर बसवलं. टांकसाळीत पत्र्यातून चकत्या अशाच पाडतात, म्हटलं, आणि वाटीने एक गोल पाडला. आता पत्रा पुढे सरकायला हवा, तो नीट सरकला नाही तर? वाटी मी आधीच्या भोकावर थोडी चढवून दाबली. हातात आली ती चावलेली चकती, हुबेहूब आईचा रुपया.

"मग त्याची कड उचलायला दोन्ही बाजूंनी दाब देतात. इथे तुकडाच नाही, तर समोरच्या बाजूला दाब बसणार कसा? म्हणून ती सपाट. कापणाऱ्याला समोरची कड अशी करता येत नाही, आत्या. हा असाच जन्मला."

आत्याने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आमी सगल्यांनी तुटलेला तेवराच बघला." भिंग खाली ठेवून म्हणाली, "आता गेलेल्या आयला कोन सांगंल गं?"

आई पदराने रुपयावरचं पीठ पुसत राहिली. मला वाटलं होतं ती आत्याला चार शब्द सुनावेल. मला तर ते ऐकायचेच होते. पण तिने करंजीत सारण भरायला घेतलं, आणि मला आत्यापेक्षा आईचाच राग आला.

सण झाल्यावर मी मुद्दाम राहिले आणि तिच्याबरोबर बाजारात गेले. टोपलीशेजारी आता मोबाइलने पैसे द्यायची पाटी असते, पण बोहनी आई रोखच घेते. पहिली बाई आली, बोंबील घेतले, नोटा दिल्या आणि वर एक नाणं. उलटून बघणार, मी मनात म्हटलं.

आईने मूठ मिटली, डोळे मिटले आणि मूठ कपाळाला लावली.

"काय गं, आज बघितलं नाहीस?" बाई हसून म्हणाली.

"नाय," आई म्हणाली, आणि नाणं न बघताच पिशवीत टाकलं.