पंच्याऐंशीचा जेट आणि स्टोव्हची पिन

स्टोव्हची पिन मोटारसायकलीच्या पोटात खुपसणारी आमच्या भागातली पहिली बाई मी. दुसरी झालीच नाही. माझी फजिती बघून बाकीच्या वेळेवर शहाण्या झाल्या.

बिडकीनच्या पुढं आडबाजूला आमचं गाव. सासर आणि माहेर, दोन्हीकडं मेंढरामागं फिरणारी माणसं. त्या वर्षांत पाऊस असा रुसला की आधी मेंढरं गेली, मग म्हशी एकेक करून गेल्या. राहिली एक, कपाळावर पांढरा चांद असलेली आणि माझ्यासारखीच हट्टी. तिचं आणि शेजारच्या घरांचं दूध मालक मोटारसायकलीवर शहरात घालायचे. आम्ही इकडं वाळत होतो आणि शहर तिकडं पाणी दिलेल्या उसासारखं वाढत होतं. आज जिथं बाभळी, तिथं उद्या खडी पडायची, आणि परवा एखादी बाई गॅलरीतून विचारायची, "दूध आहे का हो?"

मग मालकांना वाळूजला कंपनीत काम लागलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा म्हणाले, "आता दूध कोन नेईल? रतीब तुटला की म्हैस पाचोडच्या बाजारात. मी दावं आनून ठिवलंय." खरंच, खुंटीला कोरं दावं लटकत होतं. जाता-येता ते माझ्या डोळ्यांत खुपायचं.

"मी नेते दूध," मी म्हणाले.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, चुलीपासून उठल्यासुद्धा नाहीत. "नेऊ द्या की. नाय जमलं तर म्हशीसंगं हिलापन बाजारात न्या."

गाडी जुनी, टू-स्ट्रोक, कितव्या हाताची ते देवाला ठाऊक. पण लुगड्याचा काष्टा जणू मोटारसायकलीसाठीच निघालेला! मी लवकर शिकले आणि त्याहून लवकर फुगले. वेशीत कोंबडीसुद्धा नसताना हॉर्न वाजवायची. तेव्हाची मी, ती पोरगी, आज मला रस्त्यात भेटली तर हॉर्नची वायर तोडून हातात देईन.

एकदा मालकांनी कार्बुरेटर खोलून दाखवला होता. त्याच्या पोटात पितळेचा एवढासा खिळा, मधून आरपार बारीक भोक. याला जेट म्हणायचं. त्या भोकातून पेट्रोल वर चढतं, हवेत मिसळतं आणि गाडी पळते. अंगावर आकडा कोरलेला, पंच्याऐंशी. आकडा मोठा तर भोक मोठं.

"म्हणजे स्टोव्हचं निप्पलच की," मी म्हणाले.

"जवळजवळ," मालक म्हणाले, आणि ड्युटीवर गेले. त्या 'जवळजवळ'नं माझा घात केला.

पुढं एका सकाळी गाडी दारातच खोकायला लागली. धुळीचे दिवस, टाकीत गंज, जेट तुंबला असणार हे मी बरोबर ओळखलं. इथवर मी हुशार. मग मी स्टोव्हची पिन आणली आणि स्टोव्हला खुपसतात तशी त्या जेटात खुपसली. वर-खाली, गोल-गोल, चांगली मन लावून. जेट बसवला, किक मारली, गाडी वाघासारखी उठली. मी गल्लीभर सांगत सुटले. कंपनीत मालकांच्या जागी मलाच घ्यायला पायजे होतं, असंही बोलले.

दोनच दिवसांत गाडी मागं काळा धूर सोडायला लागली. पेट्रोल पाण्यासारखं पिऊ लागली. शहर लागायच्या आधी एक लांब चढ होता, तिथं भडभड करून बंद पडायची. प्लग काढावा तर काजळीनं माखलेला. मी तो पदरानं पुसून पुन्हा बसवायची. नवीन वसाहतीत पोचेपर्यंत ऊन चढलेलं, दूध नासलेलं, तोंड काळं. गॅलरीतली पोरं ओरडायची, "आई, आगगाडी आली!"

शहरात जुन्या मोंढ्याजवळ एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी जेट काढून उजेडाकडं धरला. मग माझ्याकडं बघितलं.

"भाभी, इसमें क्या डाले?"

"स्टोव्हची पिन."

चाचांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, "अरे इधर आ, देख! भाभी गाडी पे रोटी सेंकनेवाले हैं!" सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर चाचांनी समजावलं, की पितळ नरम असतं, तारेनं भोक वाढतं. आकडा पंच्याऐंशीचाच राहतो, पण पेट्रोल नव्वदीच्या वरचं जातं. जेट साफ करायचा तो फुंकरीनं. आणि चढ चढल्याबरोबर क्लच दाबून इंजिन बंद करून प्लग बघायचा: काळा तर पेट्रोल जास्त, पांढरा तर कमी.

त्यांनी समोर तीन जेट मांडले. पंच्याहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी. आता बघा माझी अक्कल. मी झटकन पंच्याहत्तर उचलला. भोक लहान, भूक लहान!

"भाभी, वजन लेके चढ़ना है. ये भूकी मरेगी, गरम होगी."

"चाचा, दुष्काळात आम्ही कमी खाऊन जगतोय. गाडीनंबी जगावं."

चाचांनी हात जोडले आणि पंच्याहत्तर बसवला. पण उरलेले दोन आणि माझा तो बिघडवलेला एक, तिन्ही पुडीत बांधून दिले. "घर पे सोचो," म्हणाले. एवढ्या हट्टी बाईला एवढं सुचवणारा माणूस भेटला. आज त्यांची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

रिकाम्या किटल्या घेऊन घरी येताना गाडी लोण्यासारखी आली. मी आत्याबाईंना म्हणाले, "बघा, मी निवडला." दुसऱ्या दिवशी भरल्या किटल्या घेऊन त्या चढावर लागले आणि इंजिनातून टिकटिक आवाज यायला लागला. जोर सरला, धग पोटऱ्यांना लागू लागली आणि गाडी जागीच थांबली. प्लग या वेळी पांढराफटक, राख फासल्यासारखा. पाण्याचा एक टँकर चालला होता, त्याच्या ड्रायव्हरनं किटल्या वर चढवून दिल्या आणि मला केबिनमध्ये घेतलं. पोचले, पण दूध पुन्हा नासलं.

वसाहतीत एक ताई होत्या, घरात तान्हं बाळ असलेल्या. सगळ्यात जास्त दूध त्यांचं, आणि त्यांचं बघून बाकीच्या घ्यायच्या. त्यांनी नासलेलं दूध परत नाही केलं. पातेलं आत नेत म्हणाल्या, "ह्याचा कलाकंद करते. पण बाई, उद्या चुकलं तर मी पिशवीचं दूध लावीन. माझं लेकरू थांबत नाही."

चढावर सोडलेली गाडी तोवर गार झाली होती, ती घेऊन घरी आले तर मामांनी दावं खुंटीवरून काढून ओट्यावर ठेवलेलं. म्हशीनं माझ्याकडं बघून कान हलवला. मी तिच्यापाशी बसून रडले, आणि रडता रडता सगळं आत्याबाईंना सांगितलं, पुडीसुद्धा दाखवली आणि गाडीतला पंच्याहत्तर काढून तिच्यात ठेवला.

आत्याबाईंनी जेट तळहातावर घेतले. जन्मभर शेळ्या-म्हशी पिळलेला हात. आकडे त्यांना वाचता येत नव्हते. म्हणाल्या, "हे तर म्हशीचे सड हायेत. धार बघ की!"

त्यांनी तोंडात पाण्याचा घोट घेतला, जेट ओठांत धरला आणि पातेल्याच्या काठावर धार सोडली. सुर्रर्र! मग दुसरा. मग माझ्या हातात दिला, "तू मार." दुष्काळातलं पाणी, म्हणून एक थेंब वाया जाऊ द्यायचा नव्हता. सासू-सून ओट्यावर बसून गुळण्या मारतायत आणि मामा तोंडाला उपरणं लावून बघतायत! ते पातेलं नंतर म्हशीनं प्यायलं.

आत्याबाईंनी आवाजावरून निवाडा दिला. पंच्याहत्तर म्हणजे कठीण सडाची म्हैस, रेडकू ढुशा मारून दमेल. ऐंशी पहिलारू, पहिल्याच वेताची. पंच्याऐंशी दोन वेतांची, भरून येणारी. आणि माझ्या पिनेचा जेट? त्याची धार जाड तर होतीच, पण वाकडी जाऊन मामांच्या पायावर पडली. "ह्या सडाला तर कावळ्यानं टोचलंय," आत्याबाई म्हणाल्या. कावळा ओट्यावरच बसला होता, लुगडं नेसून.

"मग ऐंशी का पंच्याऐंशी?" मी विचारलं.

"ते चढाला इचार."

पण चढावर वजन पाहिजे. किटल्यांत भरायला पाणी कुठून आणायचं? आत्याबाई उठल्या, काष्टा खोचला आणि माझ्या मागं गाडीवर बसल्या. "दोन किटल्यांचं वजन हाय माजं. चल."

दिवस मावळायच्या आत आम्ही चढाला लागलो. आधी ऐंशी. निम्म्यावर गाडी कण्हायला लागली. वर पोचून चाचांनी सांगितलं होतं तसा क्लच दाबून इंजिन बंद केलं, फडकं धरून पान्यानं प्लग काढला. पांढरट. पेट्रोलचा कॉक बंद करून, कार्बुरेटरचा खालचा बोल्ट काढून मी पंच्याऐंशी बसवला. आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून जेट काढून दिला आणि जुना गाठीत बांधला. पुन्हा खाली, पुन्हा वर. या वेळी गाडी एका सुरात चढली. मागून आत्याबाई म्हशीला पान्हवताना काढतात तसा आवाज काढत होत्या, "हं, हं, ये, ये." मला हसू आवरेना, हँडल हलायला लागलं, तर पाठीत गुद्दा.

वर प्लग काढला. तपकिरी.

"चहागत झालाय," आत्याबाई म्हणाल्या. "दूध बेतानं टाकलेला."

सकाळी निघायच्या आधी मामा ओट्यावरचं दावं घेऊन गोठ्याकडं चालले. मी हातातली किटली खाली ठेवली. पण ते गोठ्यावरून पुढं गाडीपाशी आले. "किटल्या लई हिंदकळत्यात," म्हणाले, आणि दोन्ही किटल्या त्या कोऱ्या दाव्यानं गाडीला आवळून बांधल्या. त्यांनी मारलेली गाठ वसाहतीत पोचल्यावर मला सुटता सुटेना. ताई बाळाला कडेवर घेऊन पायऱ्या उतरून आल्या आणि आम्ही दोघींनी मिळून ती सोडवली. दूध थंड होतं.

पुढं तो चढ कापून रस्ता रुंद झाला. वसाहतीला जुनी वसाहत म्हणायला लागले. माझ्या नातवंडांच्या गाड्यांना म्हणे जेटच नसतो. पण त्या दुष्काळानंतर पाऊस परत आला तेव्हा पांढऱ्या चांदाची म्हैस आमच्याच गोठ्यापुढं भिजत उभी होती, आणि पलीकडच्या पागोळीखाली आत्याबाई मला चिडवत होत्या, "सूनबाई, पिन आनू का?"