कंपायलर मॅडम

दिग्रसच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही त्यांना 'कंपायलर मॅडम' म्हणायचो, कारण प्रोग्राम चालण्याआधी त्यातल्या चुका पकडणाऱ्या कंपायलरसारख्या त्याही एकसुद्धा चूक सोडत नसत. एक अर्धविराम राहिला तरी वही परत! वर ठरलेलं वाक्य, "चालते म्हणू नको. चालवून दाखव."

एकदा यादीतली शेवटची गोष्ट काढून देणारी मेथड, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, लिहायची होती. मी आकड्यांसाठी एक लिहिली, नावांसाठी दुसरी, तारखांसाठी तिसरी. तिन्ही सारख्याच. मॅडमनी तिन्हींवर काट मारली. "एकच काम तीनदा कायले लिहून राह्यली वं? आकडे का नावं, ते सांगतो तो टाइप. त्याच्या जागी टी लिही. आकडे दिले तं टी म्हणजे आकडे, नावं दिली तं नावं. अन् नावांच्या यादीतून आकडा मागशीन, तं कंपायलर चालवायच्या आधीच अडवते तुले." मला इतका आनंद झाला की मी बाकावर हातच आपटला.

क्लासच्या मालकांच्या डोळ्यात मात्र हे टी लिहायचं 'जेनेरिक' प्रकरण खुपायचं. परीक्षेला येत नाही, इथल्या पोरींना हवंय कशाला? तयार उत्तरं लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, एक दिवस ते वर्गात येऊन मॅडमना म्हणाले. "इथल्या पोरी काहून नाही शिकणार? मी बंजारा तांड्यावरून येऊन शिकलीच ना?" एवढं बोलून मॅडम फळ्याकडे वळल्या. मालकांनी सरळ मेन स्विच बंद केला, सगळे कॉम्प्युटर विझले. असा संताप आला म्हणून सांगू!

मॅडम हसल्या. "वह्या काढा. आज कंपायलर मी."

एकेकीची वही तपासत त्या माझ्यापाशी थांबल्या. "हा टी कोण? मी नाही ओळखत." मी टी वापरला होता, पण मेथडच्या सुरुवातीला कोनी कंसात तो जाहीर करायचाच विसरले होते. दारातून मालक म्हणाले, "मॅडम, निघा आता."

"पोरीची चूक राह्यली अजून." त्या जागच्या हलल्या नाहीत.

मी कंस घालून त्यात टी लिहिला. त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, "चाललं" म्हणाल्या, पर्स उचलली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवे सर तयार उत्तरं सांगायला लागले. आम्ही अकरा जणी उठलो आणि विचारत विचारत मॅडमच्या तांड्यावर पोचलो. त्या ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, आता रडतात. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"उशीर केला वं. बसा, पुढचं घेऊ."